गाडी इथपर्यंत: सडा राखण्याबद्दल एका रिटायर कंडक्टरच्या वहीतून

मी एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. रिटायर होऊन गावी आलो आणि त्याच पावसाळ्यात गावानं पुन्हा माझ्या हातात शिट्टी दिली. कारण आमचा सडा. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर जांभ्याची सपाट पठारं आहेत, त्यांतलं हे एक. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी वीस गाड्या जास्त येतात आणि त्या मलाच वळवाव्या लागतात.

गर्दी आमच्याकडे आली ती कासवरून. कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. पश्चिम घाटातली एकूण ३९ ठिकाणं त्यात आहेत. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. एकट्या कासला साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती, आणि साताऱ्याहून फक्त २५ किलोमीटर. लोक लोटणारच. मग तिथे दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, गाड्या लांब लावून बसनं जायची सोय झाली. हे सगळं योग्यच झालं. पण ज्याला नोंदणी मिळत नाही तो घरी थोडाच बसतो! तो मोबाईल काढून 'जवळपास दुसरं काय' बघतो आणि आमच्या फाट्याला वळतो.

तुमच्याही गावाला असा सडा, गायरान, धबधबा किंवा गवताळ माळ असेल आणि गाड्या थेट आत घुसायला लागल्या असतील, तर हे तुमच्यासाठी. सरपंच, समितीतली पोरं, नवीन आलेले वनरक्षक, कुणीही वाचा. आम्ही सात पावसाळ्यांत जे शिकलो, त्यातलं निम्मं चुका करून शिकलो.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सड्यावरची माती बोटाच्या पेरभर असते, कुठे तीही नाही. खाली अखंड कातळ. पावसात ही माती भिजून पोळीच्या कणकेसारखी होते. माणूस त्यावरून चालला तर पाऊल उमटतं, पण पुढच्या पावसात बुजतं. मोटारीचं चाक गेलं की माती दोन्ही बाजूंना सरकते, मधे नाली पडते, नालीतून पाणी धावतं आणि उरलेली माती घेऊन दरीत जातं. आमच्या पहिल्या वर्षीच्या दोन चाकोऱ्या आजही दिसतात. त्यामुळे आमचं सगळं डोकं एकाच प्रश्नावर लागलं: गाडी नेमकी कुठे थांबवायची. माणसांचं नंतर बघता येतं.

आधी मोजा

ठराव, कमान, पावतीपुस्तक हे सगळं नंतर. आधी तीन रविवार फाट्यावर खुर्ची टाकून बसा. शंभर पानी वही, दर अर्ध्या तासाला एक ओळ: दुचाकी किती, मोटारी किती, मिनीबस किती, गाडीत माणसं किती. परत जाताना वेळ टिपा, म्हणजे माणूस किती वेळ थांबतो ते कळतं. नंबरप्लेटही बघा. आमचा सरपंच सांगायचा की सगळी गर्दी पुण्याची. वहीत बघितलं तर एमएच १२ आणि १४ होत्याच, पण सकाळी सातच्या आधी येणाऱ्या आणि सड्यावर मधोमध गाडी नेणाऱ्यांत एमएच ११ सगळ्यात जास्त. म्हणजे आपलेच, साताऱ्याचे. त्यांना वाट माहीत होती ना!

मोजल्याचा दुसरा फायदा असा, की तहसीलला किंवा वनखात्याकडे जाताना 'लई गर्दी होते साहेब' असं म्हणायला लागत नाही. वही टेबलावर ठेवायची. अधिकारी पानं उलटतो, मग खुर्ची पुढे ओढतो. मी बघितलंय.

जमीन कुणाची, रस्ता कुणाचा

इथे आम्ही आपटलो, म्हणून जरा सविस्तर.

सडा डोळ्यांना एकसंध दिसतो, कागदावर नसतो. आमच्या सड्याचे तीन तुकडे आहेत: राखीव वन, गावचं गायरान आणि सात-आठ जणांची मालकी. तलाठ्याकडून गावनकाशा आणि सातबारे काढा, वनरक्षकाकडून वनाची हद्द समजून घ्या आणि दोन्ही कागद घेऊन एक दिवस प्रत्यक्ष चालत जा. हद्दीचे जुने दगड शोधा, त्यांना चुना मारा. या कामाला एक म्हातारा गुराखी बरोबर घ्या. अर्धे दगड त्यालाच ठाऊक असतात.

कारण प्रत्येक तुकड्याला नियम वेगळा. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं, आग लावणं हे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि कारवाई वनखातं करतं, तुम्ही नाही. वनजमिनीवर गाडीतळ करू म्हणाल, तर वन संरक्षणाच्या १९८० च्या कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीचा प्रश्न येतो. तो नाद सोडा. गायरानाचा निर्णय ग्रामसभेतून आणि महसूल खात्याला विचारून. मालकीच्या पडीत मालक गाडी लावू देऊन पैसे घेऊ शकतो.

राहिला रस्ता. पहिल्या वर्षी आम्ही फाट्यावर बांबू आडवा लावला आणि गाडीमागे वीस रुपये घ्यायला लागलो. दुपारपर्यंत मजेत चाललं. मग एक बाई उतरल्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. म्हणाल्या, "काका, रस्ता जिल्हा परिषदेचा आहे ना? मग कुठल्या कायद्याखाली घेताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसटीत असताना माझ्या तिकिटामागे महामंडळ उभं असायचं, इथे मागे फक्त बांबू. बांबू काढला. घेतलेले पैसे ज्यांना परत देता आले त्यांना दिले, बाकीच्यांचं शाळेच्या दाराला नवीन कुलूप आलं.

रस्त्यावर गाड्यांना बंदी किंवा एकेरी वाहतूक हवी असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ११५ आहे. अधिकार सरकारचा आणि सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचा, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे. त्यात एक उपयोगी बारकावा आहे: निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापावा लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केला तरी चालतो. फुलांचा भर साधारण महिनाभरच असतो. अर्ज जूनमध्येच द्या. ऑगस्टच्या शेवटी दिलात तर आदेश हातात येईपर्यंत फुलं संपतात.

गाडीतळाचं गणित

इथे माझी एसटी कामाला आली. मोठी गाडी ४४ सीटची. त्यावर थोडे उभे, आणि मग डबल बेल. खाली माणूस कितीही ओरडू दे. सड्याला सीट कुठून आणायच्या? गाडीतळातून.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मोटार उभी राहायला, दारं उघडायला आणि वळायला धरून एका गाडीला अडीचशे-पावणेतीनशे चौरस फूट लागतात. म्हणजे गुंठ्याला चार गाड्या. आमच्याकडे एका भाऊबंदाची दहा गुंठे मुरमाड पड होती, फाट्यापासून पाव किलोमीटरवर, सड्याच्या अलीकडे. चाळीस गाड्या. माणूस सरासरी दोन तास थांबतो, सकाळी सात ते संध्याकाळी पाच म्हणजे पाच फेऱ्या, गाडीत चार माणसं. कागदावर आठशे माणसं होतात. पण कागदावर विश्वास ठेवू नका. सगळे येतात अकरा ते एकच्या दरम्यान. आम्ही चारशे धरली. चाळीस गाड्या लागल्या की फाट्यावर लाल फडकं, आणि एक सुटेपर्यंत दुसरी आत नाही. माणसं मोजत बसावं लागत नाही, गाडीतळच मोजतो.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. मुरमाड हवी, काळ्या मातीत पहिल्याच पावसात गाड्या रुततात आणि मग ट्रॅक्टर आणा, दोर आणा. सड्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर हवी. त्याहून जवळ असली की लोक 'जरा पुढे नेऊन बघू' म्हणतात, लांब असली की भांडतात. आणि मालकाशी करार लिहून हवा. भाऊबंद असला तरी. भाऊबंद असला तर जास्तच.

म्हातारी माणसं, पाय अधू असलेली माणसं यांचा विचार पहिल्या दिवशीच करा, नाहीतर त्यांच्या नावाखाली दहा धडधाकट गाड्या आत जातात. आम्ही गावातलीच दोन वडापं, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपगाड्या, लावली. सड्याच्या कडेपर्यंत सोडायचं, तिथून वळून यायचं. कातळावर उतरायचं नाही. वडापवाल्या पोरांना हंगामात चार पैसे मिळाले, आणि मुख्य म्हणजे ती पोरं आमच्या बाजूला आली. आधी तीच पाहुण्यांना 'चला, थेट आत नेतो' म्हणून न्यायची.

चर खणू नका

हे लिहिताना मला अजून लाज वाटते, तरी लिहितो.

गाड्या रस्ता सोडून गायरानाच्या बाजूनं आत घुसायच्या. दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं, रस्त्याच्या कडेनं चर मारू. जेसीबी आणला, जून लागायच्या आत दोन फूट खोल, दोनशे फूट लांब चर काढला. एका दिवसात काम झालं. पावसाळ्यात एक गाडी आत गेली नाही. मी खूश. समितीनं नारळ देऊन माझा सत्कार केला.

आमच्या सड्यावर एक खोलगट जागा आहे, अंगणाएवढी. पावसाचं पाणी कातळावरून पसरून तिथे येतं आणि गुडघ्याच्या खाली साठतं. त्यात वायतुरा येतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पाण्यातून एक दांडा वर येतो आणि टोकाला त्याचे दोन फाटे होतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे, गुलाबीसर. म्हणून वाय-तुरा. कंद चिखलात असतो. ही वनस्पती साताऱ्याच्या आसपासच्या अशा सड्यांवरच मुख्यतः सापडते, तिच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे. आम्ही लहानपणी तिला काहीच म्हणत नव्हतो, म्हशी पाण्यात बसल्या की तुडवायच्या आणि पुढच्या वर्षी ती परत यायची.

त्या ऑगस्टमध्ये मी फाट्यावरच्या खुर्चीतून हललोच नाही. वाडीतल्या एक आज्जी शेळ्या घेऊन खाली आल्या आणि माझ्यासमोर काठी टेकून उभ्या राहिल्या. "आरं, तळ्याचं पाणी तोडलं न्हवं का तुम्ही."

वर गेलो. खोलगटात पाणी नव्हतं. ऐन ऑगस्टात, वर पाऊस चालू, आणि तळाशी नुसता चिखल. वायतुऱ्याची पानं चिखलावर आडवी पडलेली, तुरा एकही नाही. मग चराकडे बघितलं. चर भरून वाहत होता, लालभडक, थेट घळीत. कातळावरून पसरून येणारं पाणी आमच्या चरानं वाटेतच पकडलं होतं. गाड्यांनी दहा वर्षांत केलं नसतं ते मी एका दिवसात केलं, आणि नारळही घेतला.

चर नुसता मातीनं बुजवायला गेलात तर ती माती पहिल्या पावसात वाहून जाते. आम्ही उकरलेलाच माल परत भरला आणि दर दहा फुटांवर आडवे दगड रचून बसवले, म्हणजे पाणी चरातून न पळता वरून ओलांडतं. पुढच्या वर्षी तळं अर्धं भरलं. तिसऱ्या वर्षी तुरे दिसले. मी आज्जींना घेऊन गेलो, त्यांनी मोजायला नकार दिला. म्हणाल्या, मोजल्यानं दृष्ट लागते.

तेव्हा सड्यावर चर नको, खड्डा नको, खांबासाठी काँक्रीटचा पायाही नको. पाऊस पडत असताना छत्री घेऊन जा आणि पाणी कुठून कुठे जातं ते आधी डोळ्यांनी बघा. त्या वाटेत काहीही आडवं ठेवायचं नाही.

मग अडवायचं कशानं

धोंड्यांनी. मांडीएवढे, दोन माणसांना न हलणारे, जमिनीवर नुसते ठेवलेले. दोन धोंड्यांत चार फूट अंतर: लहानात लहान मोटारही चार फुटांच्या वर रुंद असते, पण गाय-म्हैस आरामात जाते. रस्त्याकडच्या अंगाला चुना मारा, आमच्याकडे धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. चुना दर वर्षी.

धोंडे सड्यावरचे उचलायचे नाहीत. ही चूक सगळे करतात, कारण ते तिथेच सुटे पडलेले असतात. पण एक सुटा दगड उलटून बघा: खाली विंचू, पाली, सरडे, बेडूक, कधी गांडुळासारखा दिसणारा पण बेडकासारखा उभयचर असलेला देवगांडूळ. उन्हाळ्यात त्या तापलेल्या कातळावर सावली असते ती तेवढीच. दगड उचलला की घर गेलं. आम्ही पडक्या बांधांचे आणि खाणीतले टाकाऊ धोंडे ट्रॉलीनं आणले.

मोटारसायकल चार फुटांतून सहज जाते, तिच्यासाठी वेगळा बंदोबस्त. पायवाटेच्या तोंडाशी धोंड्यांच्या दोन रांगा अशा लावा, की तीन फुटांच्या बोळात दोनदा काटकोनात वळावं लागेल. माणूस वळतो, जनावर वळतं, साडेसहा फुटांची मोटारसायकल वळता वळता अडकते. एकदा एक जण चौघांकडून उचलून पलीकडे घेऊन गेला. असू दे, असा हंगामात एखादाच निघतो.

एका ठिकाणी मात्र फाटक हवंच. सड्याच्या पलीकडे शेतं आहेत, बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो. आणि वणवा लागला किंवा कुणी दरीच्या बाजूला पडलं तर गाडी आत न्यावी लागते. लोखंडी आडवा पाइप, लाल-पांढरा रंग, कुलूप. किल्ल्या तीन. एक वनरक्षकाकडे, एक पोलीस पाटलांकडे, तिसरी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत खिळ्याला. पहिल्या वर्षी दोनच होत्या आणि दोघंही एकाच लग्नाला गेले होते. त्या रात्री करवतीनं कुलूप कापावं लागलं. गावातल्या ज्या गाड्यांना आत जाण्याचं कारण आहे त्यांची यादी करून काचेवर चिकटवायला पास द्या. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. वाचल्यावर तीन नावं आपोआप कमी झाली.

पायवाट

चालणारा माणूस चिखल टाळतो. वाटेत डबकं आलं की तो कडेनं जातो, मागचा त्याच्याही कडेनं, आणि महिन्यात तीन फुटांची वाट बारा फुटांची होते. यावर पाट्यांचा उपयोग शून्य. डबक्यात टप्प्या-टप्प्यावर पाऊल ठेवायला चपटे दगड टाका, लोक आपोआप त्यावरून जातात. लहान पोरांना तर मजाच वाटते.

वाट शक्य तितकी उघड्या कातळावरून काढा, मग थोडा वळसा पडला तरी चालेल. कातळाला पावलांनी काही होत नाही. जिथे मातीवरून जावंच लागतं तिथे दोन्ही बाजूंना काथ्याचा दोर, गुडघ्याच्या उंचीवर, सुट्या दगडांत अडकवलेल्या काठ्यांना. नायलॉनचा नको, त्यात प्राणी अडकतात. गुडघ्याच्या उंचीचा दोर कुणालाही ओलांडता येतो, तरी फारसं कुणी ओलांडत नाही. छातीच्या उंचीचा लावला तर लोक खालून घुसतात. का, ते मला सांगता येणार नाही.

फोटोचं काय? ते होणारच. सोनकीचा पिवळा भर किंवा तेरड्याचा गुलाबी पट्टा दिसला की माणूस त्यात जाऊन बसतो. आम्ही वाट अशी फिरवली की एका ठिकाणी फुलं अगदी कातळाच्या कडेपर्यंत येतात. कातळावर बसा, मागे फुलं, पुढे फोन. तिथे एक स्वयंसेवक पोरगी उभी केली, जी सगळ्यांचा फोटो काढून देते. 'ताई, एक अजून' करत लोक रांगेत उभे राहतात आणि बाकीचा सडा मोकळा राहतो. सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारा दवबिंदू हे सगळं वीतभर उंचीचं असतं, तेव्हा तीच पोरगी लोकांना वाकून बघायला लावते. उभ्यानं बघणाऱ्याला तो नुसता हिरवा-जांभळा चिखल वाटतो.

पाटी, टाचणी आणि तोंड

पाटीवर 'प्रवेश निषिद्ध' लिहिलं की भांडण सुरू. आम्ही लिहिलं: 'गाडी इथपर्यंत. पुढे चालत ७०० मीटर, १२ मिनिटं. वर पाणी मिळत नाही.' निम्मे वाद मिटले. माणूस चालायला नाही म्हणत नाही, किती चालायचं ते कळलं नाही की चिडतो. माथेरानला लोक दस्तुरीला मोटार सोडून अडीच-तीन किलोमीटर जातातच की. पाटी पत्र्याची, ऑइलपेंटनं. फ्लेक्स आमच्या वाऱ्यात आठ दिवस टिकतो, आणि मग त्याच्या चिंध्या तुम्हालाच सडाभर वेचाव्या लागतात.

सगळ्यात जास्त फरक कशानं पडला सांगू? फुकटातल्या कामानं. मोबाईलच्या नकाशात आमच्या सड्याची टाचणी बरोबर मधोमध होती, तळ्यापासून शंभर पावलांवर. लोक नकाशा सांगतो तसे जायचे, बैलगाडीच्या वाटेनं, बिचारे. कॉलेजातल्या एका पोरानं बदल सुचवून ती टाचणी गाडीतळावर आणली. दोन-तीन वेळा नाकारलं गेलं, मग आठ-दहा जणांनी मिळून सुचवल्यावर झालं. त्यानंतर चुकून आत येणाऱ्या गाड्या जवळजवळ थांबल्या.

उरले मुद्दाम येणारे. त्यांच्याशी बोलायला तरण्या पोरांना ठेवू नका. कॉलर धरली जाते. माझ्यासारखा म्हातारा किंवा बचत गटातली एखादी खमकी बाई ठेवा. मोठ्या चाकांच्या जीपमधून एक जण आला, म्हणाला, "काका, फोर बाय फोर आहे, अडकणार नाही." मी म्हटलं, "अडकत नाही म्हणूनच काळजी आहे साहेब. साधी गाडी दहा फुटांवर रुतते आणि परत जाते. तुमची पार तळ्यापर्यंत जाईल." उतरवलं त्याला, चाकोऱ्या दाखवल्या. त्याच्या मुलीनं नालीत हात घातला, बोटं थेट कातळाला लागली. गाडी लावून आला. सगळे येतात असं नाही. एकानं धोंडा सरकवायला लावला होता. गाडीचा नंबर आणि फोटो वनरक्षकाला दिला, पुढचं त्यांनी केलं. आपण हुज्जत घालायची नाही, नंबर टिपायचा.

रात्री फाटक आणि गाडीतळ दोन्ही बंद. सातनंतर गवे वाटेवर येतात, हे कारण सांगितलं की कुणी फार ताणत नाही. खरंच येतात.

कचऱ्यावर फार लिहीत नाही. बाटलीला चिकटपट्टी लावून अनामत घ्या, परत आणली की पैसे परत. चालतं.

भलं करायला येणाऱ्यांपासूनही सांभाळा

पर्यटकांपेक्षा यांनी मला जास्त दमवलं. दर जुलैमध्ये कुणीतरी पाचशे रोपं घेऊन येतं, 'ओसाड पठार हिरवं करू'. सडा ओसाड नाही. तिथे झाड नसणं हेच त्याचं रूप आहे. कातळात खड्डे पाडून, बाहेरची माती भरून झाडं लावली की पाणी मुरण्याची वाट बदलते, बाहेरचं तण येतं आणि वीतभर उंचीच्या फुलांवर सावली पडते. त्यांना चहा द्या आणि गावठाणातली शाळा दाखवा, तिथे सावली हवीच आहे.

कुंपणाचंही तसंच. कासला जाळी घातली होती. गुरांचं येणं-जाणं तुटलं, गवत माजून फुलं दबल्याची तक्रार गावकरी आणि अभ्यासक दोघंही करू लागले, आणि पुढे ती जाळी काढली. आमच्या समितीतही दर वर्षी कुणीतरी जाळीचं काढतं. मी ते इतिवृत्तात लिहून घेतो आणि पुढच्या विषयाला जातो. सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत आलीत, ती अडवायचं कारण नाही.

हंगामानंतर

वर्षातून तीन तारखा ठरवा. आमच्या ५ जुलै, ५ सप्टेंबर, ५ नोव्हेंबर. सड्यावर पाच दगडांवर रंगाचा टिपका मारून ठेवलाय. त्या दगडावर उभं राहून, त्याच दिशेला, फोटो. शेजारीच टेपनं पायवाटेची रुंदी. वहीत पाच आकडे, दोन मिनिटांचं काम. रुंदी वाढली असेल तिथे पुढच्या वर्षी चपटे दगड वाढवायचे. चाकोऱ्यांत आडवे दगड बसवले आहेत, त्यामागे किती माती अडली तेही बोटानं मोजायचं. पहिल्या वर्षी काही नव्हतं. आता एक-दोन ठिकाणी अर्धं बोट भरलंय आणि त्यात गवत धरलंय.

फेब्रुवारीच्या आत वनरक्षकाबरोबर जाळपट्टा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, काढून घ्या. फुलं गेली की समितीतले सगळे पांगतात, आणि वणवे मात्र मार्च-एप्रिलमध्ये लागतात. तेव्हा येणाऱ्या दोन-चार गाड्या चूल पेटवायलाच आलेल्या असतात. शिट्टी उन्हाळ्यातही गळ्यात हवी.

दोर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढा. काठ्याही. आणि ओला दोर गुंडाळून ठेवू नका; आमचा पहिला दोर तसाच ठेवला होता, जूनमध्ये पोत्यातून काढला तर हातात भुसा आला. आता शाळेच्या व्हरांड्यात चार दिवस वाळवतो, मग मास्तरांच्या खोलीत माळ्यावर, उंदरांपासून लांब.